खेळातील खोली

नव्या गोष्टीकडे प्रथम संशयाने पाहावे आणि मग, पुरेसा उशीर झाल्यावर, तिच्याविषयी चौकशी करावी, हा म्हाताऱ्या माणसांचा जुना परिपाठ आहे. आम्ही त्यास अपवाद नाही. निपाणीच्या एका शाळेत तीस वर्षे मुलांस गणित शिकवून आम्ही निवृत्त झालो आणि बेळगाव-खानापूर रस्त्यापासून थोडे आत असलेल्या आपल्या मूळ गावी येऊन राहिलो. येथे आमच्या घरात वाद होतात ते भाताच्या बियाण्यावरून, फार तर कौलांच्या शाकारणीवरून. मोबाइलमधल्या खेळावरून आम्ही रात्री बारापर्यंत तावातावाने बोलत बसू, असे कोणी सांगितले असते तर आम्ही त्यास हसलो असतो. परंतु 2025 च्या नाताळात तसे घडले खरे.

आमचा पुतण्या पुण्यास संगणकाच्या एका कंपनीत आहे. सुट्टीस येताना त्याने आपला लॅपटॉप आणला होता, आणि जेवणे झाल्यावर ओसरीवर बसून तो आमच्या नातवास एक खेळ दाखवीत होता. खेळाचे नाव ‘नो मॅन्स स्काय’. इंग्लंडातील गिल्डफर्ड नावाच्या गावी मूठभर माणसांनी तो तयार केला आणि 2016 च्या ऑगस्टमध्ये तो बाजारात आला. ह्या खेळास शेवट असा नाही. आपण एका यानात बसायचे, एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायचे, तेथील दगडधोंडे, झाडे, प्राणी पाहायचे, वाटल्यास घर बांधायचे, आणि पुढे निघायचे. पुतण्या म्हणाला, “काका, सुरुवातीस हा खेळ अगदी उथळ होता. लोकांनी करणाऱ्यांस शिव्या दिल्या. पण ते खचले नाहीत. गेली नऊ वर्षे ते त्यात भर घालीत आहेत, एक पैसा जास्त न घेता. एकेका अपडेटने खेळ खोल होत गेला.”

आम्ही चष्मा कपाळावर चढवीत म्हणालो, “वाढत गेला म्हण. खोल झाला कशावरून?”

वादाची ठिणगी पडली ती एवढीच. पण पुढे कित्येक दिवस हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना, कारण त्याची मुळे त्या लॅपटॉपमध्ये नव्हती. ती आमच्याच घरात, आमच्या एका जुन्या चुकीपाशी होती. त्या चुकीकडे आम्ही येऊच.

प्रथम त्या खेळाचा पसारा किती ते ऐका. त्यात ग्रह आहेत 18,446,744,073,709,551,616. सोयीसाठी अठरावर अठरा शून्ये म्हणावे. एका सेकंदास एक ह्या गतीने नुसते पाहू लागलो तरी सगळे पाहून होण्यास सुमारे 58 हजार कोटी वर्षे लागतील. हा आकडा ऐकून पुतण्यास वाटले की आम्ही थक्क होऊ. आम्ही थक्क झालो, पण निराळ्याच कारणाने. हा आकडा आमच्या ओळखीचा होता! बुद्धिबळाचा पट शोधून काढणाऱ्याने राजाकडे बक्षीस मागितले: पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत द्यावे, आणि राजाची सारी कोठारे रिती झाली तरी हिशेब पुरा होईना. ही गोष्ट आम्ही तीस वर्षे वर्गात सांगितली आहे. त्या सगळ्या दाण्यांची बेरीज केली आणि वर आणखी एक दाणा टाकला की बरोबर ह्या खेळातील ग्रहांची संख्या येते. ह्याचे कारण साधे आहे: दोनास दोनाने गुणत चौसष्ट वेळा गेल्यावर जो आकडा येतो, तेवढ्या संख्या संगणक एका दमात हाताळतो. प्रत्येक संख्येस एक ग्रह. तो ग्रह कोठे साठवून ठेवलेला नसतो; आपण तेथे पोहोचलो की त्या संख्येवरून ठरलेल्या रीतीने गणित मांडून तो उभा केला जातो. ज्यास गुणाकार येतो त्यास सगळे पाढे पाठ करावे लागत नाहीत, तसेच हे.

रीत मोठी कल्पक आहे. पण पहिल्या वर्षी तेथे गेलेल्यांस काय आढळले? पुतण्यानेच प्रामाणिकपणे सांगितले की विसावा ग्रह पहिल्यासारखाच वाटू लागे. रंग निराळा, प्राण्यास एखादे शिंग अधिक, बाकी तेच. खेळ आल्याच्या पहिल्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. दोन खेळाडू, एकमेकांपासून दूर आपापल्या घरी बसलेले, ठरवून त्या अफाट पसाऱ्यातील एकाच ग्रहावर एकाच जागी पोहोचले. एवढ्या मोठ्या आकाशात दोन माणसांची भेट व्हावी हा केवढा योग! परंतु दोघेही आपापल्या पडद्यावर एकटेच उभे होते. एकास दुसरा दिसेना. खेळात तशी सोयच नव्हती.

हे ऐकताना आमच्या पोटात कालवले. त्याचे कारण पुढे येईलच.

मग भर पडू लागली. 2016 च्या नोव्हेंबरात घरे बांधण्याची सोय आली, 2017 च्या मार्चमध्ये जमिनीवरून धावणारी वाहने. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दुसरा खेळाडू दिसू लागला, पण प्रकाशाच्या तरंगत्या गोळ्याच्या रूपाने. आणि 2018 च्या जुलैत तो हातापायांसह, डोळ्यांसमोर चालताबोलता दिसू लागला. त्यानंतर आलेल्या गोष्टी पुतण्याने एका श्वासात मोजल्या. 2025 च्या जानेवारीत पूर्वीपेक्षा पुष्कळ खोल, काळोखे समुद्र आले तेथे तो थांबला आणि मिस्कीलपणे म्हणाला, “खोली हवी होती ना काका? ही घ्या!” ऑगस्टमध्ये तर आत हिंडता येईल असे मोठे जहाज स्वतःच्या मनाने जुळविण्याची सोय झाली. ज्या विक्रीच्या ठिकाणी खरेदीदारांनी 2016 साली ह्या खेळास धारेवर धरले होते, तेथेच 2024 च्या अखेरीस एकंदर मत ‘अतिशय अनुकूल’ ह्या पायरीस पोहोचले. एवढी चिकाटी आम्ही मनुष्यमात्रात क्वचित पाहिली आहे, आणि तिचा मान आम्ही राखतो.

तरी आमचा मूळ प्रश्न सुटला नव्हता, आणि त्याचे उत्तर शोधताना आम्हास आमच्या वडिलांची आठवण झाली.

वडील निपाणीस तंबाखूच्या एका वखारीत कारकून होते. संध्याकाळी वखारीच्या ओट्यावर खडूने चौसष्ट घरे आखून ते बुद्धिबळ खेळत. तंबाखूच्या उग्र वासाने नवख्यास ठसका लागे. खेळणाऱ्यांस मात्र कशाचे भान नसे. वडिलांचा खेळ जुन्या देशी वळणाचा. प्याद्याने पहिल्याच चालीत दोन घरे उडी घ्यावी हे त्यांस मुळीच पसंत नव्हते. “प्यादे म्हणजे पायदळ, ते पाऊल टाकील, उडी कशाची मारते?” असे ते म्हणत. सांगलीत 1941 साली नूतन बुद्धिबळ मंडळ निघाले आणि आमच्या भागातही आंतरराष्ट्रीय नियमांचे वारे पोहोचले. सांगलीकडचा एक गूळव्यापारी वखारीत येई तेव्हा कोणत्या नियमाने खेळावयाचे ह्यावर पहिला अर्धा तास जाई. शेवटी वडिलांनी नवा नियम स्वीकारला, आणि मग कित्येक महिने ते हरत राहिले. आम्ही लहान होतो; वडील हरतात ह्याचे आम्हास वाईट वाटे. त्यांस वाटत नसे. ते म्हणत की एका प्याद्याची चाल बदलली तर हत्ती, उंट, राजा, सगळेच पुन्हा नव्याने शिकावे लागत आहेत.

पुढे आम्ही वाचले की ह्या खेळातील सर्वांत मोठा फेरबदल सुमारे पाचशे वर्षांपूर्वी युरोपात झाला. त्याआधी वजीर हा दुबळा गडी होता. तिरपे एकच घर सरके. तो बदल झाल्यावर वजीर पटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू लागला. लक्षात घ्या, घरे चौसष्टच राहिली, मोहरी बत्तीसच राहिली, एकही नवा प्राणी पटावर आणला गेला नाही. तरी खेळ इतका खोल झाला की आजवर त्याचा तळ कोणास लागलेला नाही. एकीकडे चौसष्ट घरे, आणि दुसरीकडे त्याच चौसष्टातून निघालेले अठरा शून्यांचे ग्रह. पण विसाव्या ग्रहावर कंटाळा येतो आणि विसाव्या डावास झोप उडते.

ह्यावरून आमचे मत असे बनले की भर दोन प्रकारची असते. एक शेजारी पडते, दुसरी खाली उतरते. शेजारी पडलेल्या भरीने जुने जसेच्या तसे राहते. खाली उतरलेल्या भरीने वरचे सगळे हलते. ‘नो मॅन्स स्काय’मध्ये जहाजे, समुद्र, प्राणी ह्या पुष्कळशा शेजारी पडलेल्या भरी आहेत. पण ज्या दिवशी एक माणूस दुसऱ्यास दिसू लागला, त्या दिवशी जुना, कंटाळवाणा ग्रहदेखील पालटला, कारण आता तो कोणास तरी दाखविता येऊ लागला. पुतण्याने हे ऐकून घेतले, पण सर्वस्वी मान्य केले नाही. तो म्हणतो, शेजारी ढीग पुरेसा वाढला की त्याच्या वजनाने जमीनही दबते. असेल. तरुणांचे काही खरेही असते.

जे खेळ पैशासाठीच भर घालीत राहतात त्यांविषयी आम्ही जास्त लिहीत नाही. बंदुकांचा पब्जी नावाचा खेळ आमच्या गावातल्या प्रत्येक पारावर चाले. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने त्यासह 118 ॲप्सवर बंदी घातली आणि 2021 च्या जुलैत तो दुसऱ्या नावाने परतला. त्यात दर हंगामास नवे कपडे आणि बंदुकीवर नवा रंग विकत मिळतो. बाहुली तीच, परकर नवा.

आता आमच्या चुकीकडे येतो.

आमचे थोरले चिरंजीव कुवेतास वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करीत. सूनबाई आणि नातू आमच्यापाशी. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, विमाने बंद पडली. खास विमानांनी काही लोक आले. पण जो आला त्याची नोकरी गेली असे चिरंजीवांच्या सोबत्यांस अनुभवास आले होते, म्हणून ते राहिले. नियमित आंतरराष्ट्रीय विमाने पुन्हा सुरू झाली ती 27 मार्च 2022 रोजी. मधली दोन वर्षे बापाने मुलास पाहिले ते मोबाइलच्या पडद्यावर. नऊ वर्षांचा मुलगा आणि चाळिशीचा बाप रोज काय बोलणार? “जेवलास का?” “जेवलो.” “अभ्यास?” “केला.” पुढे दोघेही गप्प.

तेव्हा कोणा सोबत्याच्या सांगण्यावरून चिरंजीवांनी ‘माइनक्राफ्ट’ नावाचा खेळ घेतला. हा स्वीडनमधला, 2011 च्या नोव्हेंबरात तो पूर्ण रूपाने बाहेर आला, 2014 साली मायक्रोसॉफ्टने तो बनविणारी कंपनी 250 कोटी डॉलर देऊन विकत घेतली, आणि 2023 पर्यंत त्याच्या 30 कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे. माती खणावी, लाकूड तोडावे, दगड फोडावा, आणि त्यांतून जे वाटेल ते बांधावे. आम्ही प्रथम पाहिले तेव्हा आम्हास दिवाळीतले किल्लेच आठवले. बेळगाव-निपाणीकडे मुले दिवाळीस मातीचे किल्ले करतात हे वाचकांस सांगावयास नको. आमच्या गावातील ख्रिस्ती मुलेही त्यात असतात, आणि त्याच तांबड्या मातीचा डोंगर नाताळच्या गोठ्यामागे पुन्हा उभा राहतो.

दर शुक्रवारी चिरंजीवांस सुट्टी. कुवेतचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपल्याकडे संध्याकाळी सहा वाजता बाप आणि लेक त्या ठोकळ्यांच्या जगात भेटत. त्यांनी तेथे काय बांधले असेल? आमचेच घर! पुढची ओसरी, मागचे परसू, अंगणातला क्रूस, आणि विहीर. नातवाची आजी जवळ बसून सूचना करी. “अरे, माझे कोंबड्यांचे खुराडे कोठे आहे?” असे तिने विचारताच बापलेकांनी कुंपण घालून खुराडे केले आणि त्यात कोंबड्याही सोडल्या. तिला त्या कोंबड्या चौकोनी दिसतात ह्याचे भारी हसू येई.

आम्हास ह्यातले काही ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक असून आम्ही त्यास पोरखेळ समजत होतो. 2021 च्या पावसाळ्यात नातवाचे गणिताचे गुण घसरले. आजोबा गणिताचे मास्तर, आणि नातवाची अशी गत! आम्ही हुकूम काढला: शाळेचा वर्ग संपला की मोबाइल कपाटात, किल्ली आमच्या खिशात. दोन आठवडे हा कारभार चालला. नातू एका शब्दाने बोलला नाही. तिसऱ्या आठवड्यात चिरंजीवांचा आम्हास फोन आला. आवाज नेहमीसारखाच. इकडचे तिकडचे झाल्यावर ते म्हणाले, “बाबा, दोन शुक्रवार मी विहिरीपाशी तासभर उभा होतो. तो आला नाही. बरा आहे ना?”

वाचकहो, आम्ही विहिरीकडे पाहिले. आपल्या अंगणातली खरी विहीर. तेथे अर्थातच कोणी उभे नव्हते. एकाच जागी पोहोचलेल्या त्या दोघा खेळाडूंची हकीकत पुतण्याने सांगितली तेव्हा आमच्या पोटात का कालवले ते आता कळेल. त्यांच्या खेळात दुसरा माणूस दाखविण्याची सोय नव्हती. आमच्या घरात ती होती, आणि आम्ही तिला कुलूप लावले होते.

किल्ली आम्ही सूनबाईंच्या हाती दिली.

त्याच वर्षी 30 नोव्हेंबरास माइनक्राफ्टमध्ये एक भर आली, आणि आमच्या प्रश्नाचे जे काही उत्तर आम्हास मिळाले आहे ते तीत आहे. तोवर त्या जगाची उंची 256 थरांची होती. सर्वांत खाली कोणत्याही हत्याराने न फुटणारा काळा कातळ. तो लागला की संपले. नव्या भरीने वर 64 थर आकाश वाढले आणि खाली 64 थर जमीन वाढली. (हा चौसष्टाचा आकडा आमच्या पाठीस लागला आहे, त्यास आमचा इलाज नाही.) नव्याने जग निर्माण करणारांस ही खोल जमीन मिळाली ह्यात नवल नाही, नवल हे की ज्यांची जुनी जगे होती त्यांच्या बांधलेल्या घरांखालीसुद्धा ती तयार झाली. वरचे घर, वरची विहीर, खुराडे, कशासही धक्का नाही. पण तळचा काळा कातळ जाऊन त्या जागी फोडता येईल असा करडा दगड आला, आणि त्याच्याखाली मोठमोठ्या गुहा.

3 डिसेंबर, शुक्रवार. संत फ्रान्सिस झेवियरचा सण. आम्ही मिस्साहून आलो होतो, घरी गोडधोड होते, आणि संध्याकाळी बापलेक आपल्या विहिरीत शिडी लावून उतरले. ही विहीर त्यांनी पूर्वीच काळ्या कातळापर्यंत खणली होती. काही वेळाने नातू ओरडत बाहेर आला, “आजोबा, आपल्या विहिरीला तळच राहिला नाही!”

आम्ही जाऊन पाहिले. करडा दगड फोडून ते खाली गेले होते, आणि पायाखाली केवढी तरी पोकळी उघडली होती. दूर कोठे तापलेल्या रसाचा तांबडा उजेड, कोठे पाणी. चिरंजीव कुवेतातून हलक्या आवाजात सांगत होते, “थांब, तू मागे राहा, मी आधी पाहतो.” त्या दिवशी जेवलास का, अभ्यास केलास का, हे विचारण्यास दोघांसही सवड नव्हती. ती मोहीम पुढे तीन-चार महिने चालली.

आमच्या खऱ्या विहिरीची गोष्ट येथे आठवते. 2016 च्या दुष्काळी उन्हाळ्यात तिचे पाणी तळास गेले. शेजाऱ्यांनी सल्ला दिला की ती सोडा आणि पलीकडे बोअर मारा. आमच्याकडे वर तांबडी माती, तिच्याखाली जांभा, त्याखाली पांढरट चिकण माती आणि मग कातळ. आम्ही बोअर न मारता विहीरच दोन परस खाली नेली. पाणी लागले. पण मग रहाटाचा दोर पुरेना. नवा दोर आणावा लागला. खालच्या पायऱ्या पुन्हा बांधाव्या लागल्या. पहिल्या वर्षी पाण्याची चव निराळी लागे आणि नातवाची आजी चहा करताना कुरकुरे. विहीर खोल केली की वरच्या प्रत्येक सवयीस तिची दखल घ्यावी लागते. शेजारी दुसरे भोक पाडले तर कोणाची सवय मोडत नाही. वडिलांचे ते प्यादे, आणि हा आमचा दोर.

पण नुसते खोदून तरी काय होते? त्या गिल्डफर्डकरांनी किंवा स्वीडनमधल्या मंडळींनी किती थर वाढविले ह्यावर सारे अवलंबून असते तर आमच्या आळीतील प्रत्येक मुलास तेवढीच गोडी लागली असती. शेजारच्या मुलाकडेही हाच खेळ आहे. नवी भर आली की त्याने जुने जग पुसून नवे काढायचे, नवा प्राणी पाहायचा, आठ दिवसांत कंटाळायचे. 2022 साली बेडूक आले, 2023 साली उंट आला, 2024 साली खवल्यांच्या पाठीचा एक प्राणी आला. त्याने सगळे पाहिले, आणि त्यास त्यांतले एकही धड आठवत नाही. आमच्या नातवाच्या जगाखाली जी खोली उघडली तिच्या वर दीड वर्षाची घडण होती. वर काही नसेल तर खाली कितीही खणा, तो खड्डाच. येथे पुतण्याशी आमचे पुन्हा वाजले. तो म्हणाला, मग करणाऱ्यांचे श्रेय काहीच नाही का? आहे, पुष्कळ आहे. त्यांनी जुनी घरे मोडली नाहीत. ‘नो मॅन्स स्काय’च्या सुरुवातीच्या काही अपडेटांत ग्रहांची रूपेच पालटली, कोणाचा हिरवा ग्रह एका रात्रीत उजाड झाला. जुन्यास धक्का न लावता त्याच्याखाली नवे घालणे हे कठीण काम आहे. जुन्या वाड्याचा पाया ज्यांनी कधी दुरुस्त केला असेल त्यांस ते विचारावे.

2022 च्या एप्रिलमध्ये चिरंजीव कायमचे परत आले. आम्हास वाटले होते की बापलेक आता दिवसभर तो खेळ खेळतील. तसे झाले नाही. पहिल्या दिवशी ते दोघे अंगणातल्या विहिरीपाशी गेले, कठड्यावरून वाकून बराच वेळ आत पाहत राहिले, आणि हसले. मग शेती, चिरंजीवांचे बेळगावातील नवे दुकान, नातवाची शाळा. शुक्रवार इतर दिवसांसारखा झाला. खेळात भर पडतच होती. आमच्या घरी ती पाहण्यास कोणी गेले नाही. त्या जगाचा दरवाजा तीन वर्षांहून अधिक काळ बंद होता. 2023 च्या पावसाळ्यात नातवाची आजी देवाघरी गेली.

त्या नाताळच्या रात्री वाद चालू असतानाच नातू उठला. तो आता पंधरा वर्षांचा होत आला आहे. ओठावर लव आली आहे, आणि आमच्याशी बोलताना तो खाली पाहतो. त्याने आपला मोबाइल आणून पुतण्यापुढे धरला. जुने जग उघडण्यास थोडा वेळ लागला, कारण मधल्या सगळ्या भरी त्यास एकदम पचवावयाच्या होत्या. मग आमचे घर दिसू लागले. ओसरी, क्रूस, परसू. पुतण्या नवीन काय काय आले आहे ते शोधू लागला. नातवाने मात्र घरामागे वळण घेतले.

कुंपण शाबूत होते. आत सात कोंबड्या इकडून तिकडे फिरत होत्या.

सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चिरंजीवही आले. कोणी काही बोलले नाही. आम्ही मोबाइल हातात घेतला. आजवर आम्ही त्यास खेळण्यासाठी कधी बोट लावले नव्हते. “पुढे कसे जायचे?” आम्ही विचारले. नातवाने दाखविले. आम्ही खुराड्यास वळसा घालून विहिरीकडे निघालो, कठडा कोठे आहे ते कळले नाही, आणि सरळ आत पडलो.

“आजोबा, शिडी डाव्या हाताला!” नातू ओरडला.

“थांब,” चिरंजीव त्याला म्हणाले, “त्यांना खाली जाऊ दे.”